किल्लीमागची कळ

मोटारीच्या प्रत्येक प्रवासाच्या आरंभी आणि अखेरीस ज्याला हात लावल्यावाचून गत्यंतर नाही, आणि तरीही ज्याचे रूप हात लावणाराने आयुष्यात एकदाही पाहिलेले नसते, असा अवयव म्हणजे इग्निशन स्विच होय. चाकांतील हवा आपण तपासतो, तेलाची पातळी पाहतो, ब्रेक किंचित ढिला वाटला तर त्याच दिवशी गॅरेजची वाट धरतो. परंतु स्टिअरिंगच्या खांबावर, काळ्या आवरणाच्या आड बसलेल्या ज्या लहानशा कळीच्या स्वाधीन आपण गाडीची अवघी विद्युत्सत्ता केलेली असते, तिची विचारपूस ती पुरती बंद पडेपर्यंत कोणी करीत नाही. जुन्या व्हॅनमध्ये ही कळ झिजते कशी, झिजताना कोणती लक्षणे दाखविते, आणि ती बदलताना खरे काम कोणते असते, हे येथे सविस्तर मांडण्याचे मी योजिले आहे. कारण हा स्विच बदलणे सोपे समजले जाते, आणि तसे समजले जाते म्हणूनच ते काम बहुधा अर्धवट केले जाते.

उदाहरणादाखल घेतलेली गाडी मराठी वाचकास अपरिचित नाही. सुझुकी कंपनीच्या कॅरी या जपानी वाहनावर बेतलेली ही गाडी 1984 साली ‘मारुती व्हॅन’ या नावाने आपल्याकडे आली, 1988 साली तिचे ‘ओम्नी’ असे नामांतर झाले आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले. तथापि तालुक्याच्या गावी आजही तिला कोणी ओम्नी म्हणत नाही, मारुती व्हॅनच म्हणतात. तीन सिलिंडरांचे, 796 घनसेंटिमीटरांचे इंजिन पुढच्या आसनांखाली, बाजूंना सरकते दरवाजे आणि मागे रिकामी, वाटेल त्या उपयोगास येणारी जागा, एवढ्या भांडवलावर या गाडीने रुग्णवाहिकेपासून पावाच्या फेरीपर्यंत आणि मंडपवाल्याच्या सामानापासून शाळेच्या मुलांपर्यंत सर्वांची चाकरी केली. घरगुती मोटार दिवसातून चार-सहा वेळा सुरू होते; दारोदार थांबत जाणारी व्हॅन दिवसाला तीस वेळा सुरू झाली तर वर्षाचे दहा हजार फेरे होतात, आणि पंधरा वर्षांचा हिशेब दीड लाखावर जातो. एवढा मानवी हाताचा राबता या एका कळीवर पडतो.

ज्यास आपण सरसकट ‘इग्निशन’ म्हणतो ती वस्तुतः दोन भिन्न वस्तूंची जोडणी आहे, आणि दुरुस्तीच्या शास्त्राचा निम्मा भाग या दोहोंतील भेद ओळखण्यातच सामावलेला आहे. पुढचा भाग केवळ यांत्रिक कुलूप. त्यात स्प्रिंगवर बसलेल्या पितळी पत्त्या असतात. योग्य किल्लीचे दाते त्यांना एका पातळीत आणतात, तेव्हाच आतील नळकांडे फिरू शकते, आणि त्याबरोबर स्टिअरिंगला अडकविणारा खिळाही मागे सरतो. मागचा भाग विद्युतीय. नळकांड्याच्या टोकाची चपटी जीभ त्याच्या खाचेत बसते आणि किल्लीचे फिरणे त्याच्या पोटातील तांब्याच्या संपर्कपट्ट्यांना पोहोचविते. बॅटरीकडून येणारी तार येथे अहोरात्र जिवंत असते. किल्ली फिरेल तसा तिच्यातील प्रवाह पहिल्या घरात संगीतयंत्रासारख्या उपकरणांना, दुसऱ्या, म्हणजे ‘ऑन’च्या, घरात प्रज्वलनाच्या कॉइलला आणि मीटरांना, व शेवटच्या, बोटाने दाबून धराव्या लागणाऱ्या घरात स्टार्टरला दिला जातो. या शेवटच्या घरात उपकरणांचा प्रवाह मुद्दाम तोडलेला असतो, कारण सेल्फ मारताना बॅटरीचे सर्व बळ स्टार्टरलाच मिळावे अशी ती तजवीज आहे. मात्र कॉइलचा प्रवाह दुसऱ्या आणि शेवटच्या अशा दोन्ही घरांत चालू ठेवावा लागतो, अन्यथा इंजिन फिरेल पण पेटणार नाही.

ही व्यवस्था आज इतकी स्वाभाविक वाटते, की ती मोटारीबरोबरच जन्मास आली असावी असा समज होतो. वास्तविक कितीतरी वर्षे मोटारी पुढून दांडा घालून हाताने फिरवाव्या लागत, आणि त्या दांड्याच्या उलट्या झटक्याने मनगटे मोडत. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक गाडीवर आला, तेव्हा तो जाच संपुष्टात येऊ लागला. पण तरीही किल्ली वेगळी आणि स्टार्टरची कळ वेगळी हा शिरस्ता पुढे दीर्घकाळ चालला. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला स्टार्टर पायाने दाबावा लागे. किल्लीच्या एकाच फिरविण्यात प्रज्वलन आणि स्टार्टर ही दोन्ही कामे एकवटण्याची प्रथा क्रायस्लर कंपनीने 1949 च्या गाड्यांपासून रूढ केली. सोय वाढली यात शंका नाही. मात्र पूर्वी दोन कळींत विभागलेला भार त्या दिवसापासून एकीच्या अंगावर आला, हीही त्याच सोयीची दुसरी बाजू आहे.

आता झिजण्याविषयी. किल्ली फार वेळा फिरते म्हणून स्विच झिजतो, ही सर्वसाधारण समजूत अर्धीच खरी आहे. स्टार्टर इंजिन फिरविताना शंभराहून अधिक अँपिअर ओढतो, परंतु तो प्रवाह जाड केबलने बॅटरीकडून थेट जातो, स्विचमधून नव्हे. स्विचमधून जातो तो स्टार्टरच्या माथ्यावरील सोलेनॉइडचा, म्हणजे विजेने ओढल्या जाणाऱ्या खटक्याचा, प्रवाह. तोही आरंभीच्या क्षणी वीस-तीस अँपिअरपर्यंत उसळू शकतो, आणि किल्ली सोडताच गुंडाळीतील चुंबकीय शक्ती मागे फिरून विलग होणाऱ्या संपर्कबिंदूंमध्ये ठिणगी पाडते. प्रत्येक ठिणगी तांब्याचा कणभर अंश जाळते आणि मागे काळा थर ठेवून जाते. तो थर प्रवाहास विरोध करतो, विरोधातून उष्णता उपजते, उष्णतेने पट्टीमागच्या स्प्रिंगचे पाणी उतरते, दाब कमी झाला की ठिणगी अधिक मोठी होते, आणि असे हे चक्र स्वतःलाच पोसत राहते. संपर्कात केवळ एक दशांश ओहमचा विरोध साठला आणि त्यातून पंधरा अँपिअर जाऊ लागले, तर दीड व्होल्ट वाटेतच नाहीसा होतो आणि साडेबावीस वॅट उष्णता त्या बंदिस्त जागेत कोंडली जाते. प्लॅस्टिकचे पोट मऊ पडून वाकडे होण्यास एवढे पुरेसे आहे. म्हणजे फिरविण्याच्या संख्येहून वाहिलेला भार अधिक घातक ठरतो. आणि आपल्याकडे तर गाडी जुनी होईल तसतशी मागाहून बसविलेली संगीताची पेटी, मुलांसाठी लावलेले छोटे पंखे, शोभेचे दिवे, मोबाईलची चार्जरे या साऱ्यांच्या तारा ‘किल्ली बंद केली की आपोआप बंद व्हाव्यात’ एवढ्या सोयीसाठी याच स्विचच्या तारेला पिळून जोडल्या जातात. गाडी बांधणाराने त्या पट्टीवर जो भार नेमून दिला होता त्याचा विचार त्या वेळी कोणाच्या मनातही येत नाही.

पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची जी दाट वस्ती आहे, तिच्या आसपासच्या गल्ल्यांतून केवळ विजेचे काम करणारे कारागीर बसतात. इंजिनाला हात लावायचा नाही आणि तारेवाचून दुसऱ्या कशाला भुलायचे नाही, हा त्यांचा बाणा. त्यांपैकी एका वायरमनच्या दारात शाळेची मुले ने-आण करणारी एक जुनी व्हॅन आली, त्या वेळी मी तेथे होतो. व्हॅनचे चालक साठीकडे झुकलेले, मुलांचे ‘व्हॅनकाका’. त्यांची कैफियत अशी, की सेल्फ मारला की इंजिन पेटते, पण किल्ली सोडली की लगेच मरते. कधी पुन्हा पुन्हा केल्यावर चालू राहते, आणि रस्त्यात खड्डा आला की मीटरवरचे दिवे लुकलुकतात. आधीच्या एका ठिकाणी त्यांना प्लग बदलून देण्यात आले होते, दुसऱ्या ठिकाणी बॅटरी बदलण्याची मसलत मिळाली होती, आणि तिसऱ्याने गाडी ‘डायरेक्ट’ करून देण्याची, म्हणजे किल्लीला वगळून डॅशबोर्डवर एक खटका आणि एक दाबकळ बसवून देण्याची, तयारी दर्शविली होती.

वायरमनने ही हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि अवजार उचलण्यापूर्वीच निदान सांगितले. “काका, सेल्फच्या घरात कॉइलला करंट मिळतोय, ऑनच्या घरात मिळत नाही. प्लगचा काही दोष नाही.” मग त्यांनी किल्ली ऑनवर ठेवून ती बोटाने अलगद खालीवर हलविली, दिवे मिणमिणले. व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या धन अग्रावर आणि दुसरी स्विचमधून बाहेर पडणाऱ्या तारेवर ठेवून, दिवे आणि पंखा चालू असताना, त्यांनी वाटेत किती व्होल्ट हरवतो ते पाहिले. निरोगी स्विचमध्ये हा आकडा नाममात्र असतो. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर संशय घ्यावा. येथे तो दीडच्याही वर होता. प्रवाह वाहत असताना केलेले हे माप सर्वांत विश्वासाचे, कारण भार नसताना जळका संपर्कसुद्धा पुरे बारा व्होल्ट दाखवितो आणि टेस्टलॅम्पचा बारीक दिवा तेवढ्यावर खुशाल पेटतो. बॅटरी बदलण्याच्या सल्ल्यामागेही बहुधा असेच घाईचे माप असते.

चालकांनी थोड्या संकोचाने डायरेक्ट करण्याचे विचारले. दोन-तीनशे रुपयांत काम भागले असते. वायरमनचे उत्तर मला शब्दशः आठवते: “पोरांची गाडी आहे काका. डायरेक्ट मी करत नाही. दुसरीकडून करून आणलीत, तर पुन्हा इथं आणू नका.” एवढे बोलून त्यांनी बॅटरीची ऋण तार काढली. हा आरंभ कोणी वगळू नये; स्विचला येणारी मुख्य तार सदैव जिवंत असते, आणि पान्याचे टोक तिला व लोखंडाला एकाच वेळी टेकले तर ठिणगीच नव्हे तर आग संभवते.

पुढचे काम घाईचे नव्हते. खांबावरील आवरणाचे दोन अर्ध खोलल्यावर कुलपाचा धातूचा देह दिसू लागला. चोरास सहज खोलता येऊ नये म्हणून स्टिअरिंग-कुलपाचे बोल्ट बहुधा असे असतात, की बसविताना पुरेसे आवळले की त्यांचे डोके आपोआप तुटून पडावे. ते काढायचे तर छिन्नीने कडेवर ठोकून उलटे फिरवावे लागतात, नाहीतर ड्रिलने पोखरावे लागतात. परंतु दोष केवळ मागच्या विद्युतीय भागात असेल तर या खटाटोपाची गरज पडत नाही. तो भाग लहान स्क्रूंनी धरलेला असतो आणि कुलपाला धक्का न लावता निघतो. म्हणूनच दोहोंतील भेद आधी ठरवावा. किल्ली अडखळत फिरत असेल, चालू गाडीत बाहेर निघत असेल, किंवा हलवून-डुलवून मगच लागत असेल तर दोष कुलपात. किल्ली सुरळीत फिरते पण वीज लपंडाव खेळते, तर दोष मागे. सरसकट कुलपासह सारेच बदलण्याचा आग्रह धरणारास हे ठाऊक नसते असे नाही. पण इग्निशनचे कुलूप बदलले की दरवाजांची किल्ली एक आणि सुरू करण्याची दुसरी, असा द्वैतभाव मालकाच्या कपाळी कायमचा येतो.

जुना स्विच हातात आल्यावर त्यांनी तो माझ्यासाठी उकलला. ऑनच्या घराची पट्टी काळवंडून तिच्यावर खड्डा पडलेला, वंगण वाळून त्याची पापुद्र्यासारखी खपली झालेली, आणि एका बाजूचे प्लॅस्टिक वितळून फुगलेले. पण वायरमनने माझे लक्ष वेधले ते स्विचकडे नव्हे, तर त्यात खोचल्या जाणाऱ्या कपलरकडे. त्यातील एका अग्राभोवतीचे आवरण तपकिरी झाले होते आणि अग्राची पकड ढिली पडली होती. त्यांचे म्हणणे असे, की स्विच बदलणारे दहांतले आठ जण हा कपलर तसाच नव्या स्विचवर दाबतात. मग जळक्या अग्राची उष्णता नव्या स्विचच्या पायात उतरते आणि वर्षभरात गिऱ्हाईक पुन्हा दारात, नव्या मालाला शिव्या देत. दहांत आठ हा त्यांचा अंदाज. पण उष्णता कोणत्या बाजूने शिरली याची पर्वा नवा स्विच करीत नाही, हे मात्र निर्विवाद. त्यांनी ते अग्र कापून काढले, काळवंडलेली तार मागे चकचकीत तांबे लागेपर्यंत छाटली, नवे अग्र दाबून बसविले, आणि मगच स्विच जागेवर गेला.

त्यानंतर आले ते काम, ज्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. मागाहून पिळलेल्या सर्व तारा त्यांनी स्विचपासून सोडविल्या आणि त्यांच्यासाठी बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूजमधून एक तार आणून मध्ये रिले बसविला. स्टार्टरच्या तारेतही दुसरा. रिलेच्या चार पायांवर 30, 85, 86, 87 असे आकडे असतात. 85 आणि 86 यांमधील बारीक गुंडाळीतून पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह गेला की ती 30 आणि 87 यांना जोडते, आणि मोठा भार त्या जोडातून वाहतो. हुकूम मामलेदाराने द्यावा आणि पोती हमालाने उचलावीत, तशी ही वाटणी आहे. स्विचकडे केवळ हुकुमाचे काम उरते. ठिणगी आता रिलेत पडेल, हे खरे. पण रिले बाजारात कोठेही मिळतो आणि हाताने उपटून क्षणात बदलता येतो. नवा स्विच घातला आणि भार जुनाच ठेवला, तर ती दुरुस्ती नव्हे, मुदतवाढ होय, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

या लहान कळीच्या उपेक्षेची किंमत काय असू शकते, याचे दोन दाखले अमेरिकेच्या सार्वजनिक दप्तरात नमूद आहेत. 1996 साली फोर्ड कंपनीने सुमारे 80 लाख वाहने परत बोलाविली, कारण त्यांच्या इग्निशन स्विचमध्ये अंतर्गत शॉर्टसर्किट होऊन, प्रसंगी उभ्या आणि बंद गाडीतही, आग लागत होती. 2014 मधील जनरल मोटर्सचे प्रकरण याहून दारुण. तेथे संपर्क जळलेले नव्हते. किल्लीला ‘ऑन’च्या घरात रोखून धरणारी स्प्रिंग गरजेपेक्षा दुबळी होती. किल्लीच्या जुडग्याचे वजन, गुडघ्याचा धक्का किंवा रस्त्यातील हादरा एवढ्याने किल्ली मागच्या घरात सरके. इंजिन बंद पडे, स्टिअरिंगचे साहाय्य जाई, आणि सर्वांत भयंकर म्हणजे अपघातसमयी एअरबॅग उघडत नसत. 2006 च्या सुमारास हा भाग सुधारण्यात आला, परंतु त्याचा क्रमांक बदलला नाही, म्हणून पुढे जुना कोणता आणि नवा कोणता हे शोधणे तपासकांना दुर्घट झाले. सुमारे 26 लाख गाड्या परत बोलाविल्या गेल्या. कंपनीने स्थापिलेल्या भरपाईनिधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. 2015 साली कंपनीने फौजदारी चौकशीच्या तडजोडीपोटी 90 कोटी डॉलर भरले. दुरुस्ती होईपर्यंत किल्लीच्या कडीत दुसरे काहीही अडकवू नका, असे त्या काळी मालकांना सांगण्यात आले होते.

आपली जुनी व्हॅन त्या गाड्यांपैकी नव्हे, तिला एअरबॅगही नाही. परंतु घाटात उतरताना इंजिन बंद पडले तर ब्रेकच्या साहाय्यास लागणारी निर्वात-शक्ती पायाच्या थोड्याच दाबांत संपून जाते, आणि मग तेच पेडल दगडासारखे कठीण होते. डायरेक्ट केलेल्या गाडीत तर आणखी भर: स्टिअरिंग-कुलूप मध्येच अडकू नये म्हणून ते मोडून टाकतात, गाडी उभी असताना खटका चालू राहिल्यास कॉइल तापत राहते, आणि आत बसलेले एखादे मूल ती दाबकळ सहज दाबू शकते. गाडी गिअरमध्ये असेल तर तेवढ्याने ती जागची हलते. आठ वर्षांवरील व्यापारी वाहनास दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते हे योग्यच आहे. पण आवरणाआडची झीज वरून दिसत नाही, तिची जबाबदारी ज्याच्या हाती किल्ली आहे त्याचीच.

बॅटरीची तार पुन्हा लावल्यावर वायरमनने एकेक घर तपासले: किल्ली सोडताच ती सेल्फवरून आपोआप मागे येते काय, कारण येथे स्प्रिंग अडकली तर इंजिन सुरू झाल्यावरही स्टार्टर फिरत राहून जळतो, ऑनमध्ये असताना किल्ली बाहेर निघत नाही ना, स्टिअरिंग दोन्ही अंगांना मुक्त फिरते ना. मग पुन्हा तेच व्होल्टचे माप, आणि या खेपेस काटा जवळजवळ शून्यावर. शेवटी त्यांनी काकांची किल्ली उन्हात धरून पाहिली. दात्यांचे कोपरे गोल झाले होते. रस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडून हिच्यावरून दुसरी कापून घेतली तर हिची झीजही तिच्यात जशीच्या तशी उतरेल. म्हणून मूळ किल्लीचा क्रमांक जपून ठेवलेला असल्यास त्यावरून नवी कापून घ्यावी, ही त्यांची सूचना प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने कागदावर टिपून ठेवण्याजोगी आहे.

वाचकांस माझी विनंती एवढीच. आपल्या गाडीची किल्ली ज्या कडीत आहे तीत घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या किल्ल्या आणि देवाचे पितळी पदक एकत्र लोंबत असतील, तर गाडीची किल्ली आजच वेगळी करा. ऑनमध्ये ती बोटाने हलविल्यावर दिवे मिणमिणत असतील, तर प्लग आणि बॅटरीवर खर्च करण्याआधी स्विचवरचा व्होल्ट मोजून घ्या. आणि आपले मूल शाळेच्या व्हॅनमधून जात असेल, तर तिच्या डॅशबोर्डवर किल्लीऐवजी दाबकळ आहे काय, हे व्हॅनकाकांना स्पष्ट विचारा, आणि असेल तर नव्या स्विचच्या खर्चात चार पालकांनी मिळून वाटा उचला.